मार्का कुणाचा, हक्क कुणाचा?



या व्यासपीठावरून आपण इतिहास ऐकता, संतवाङ्मय ऐकता, शेतीचे शास्त्र ऐकता. आम्ही पडलो कामगार चळवळीतले. आम्ही बोलावयास उभे राहिलो की पगार, बोनस आणि कंत्राटी पद्धत यांपलीकडे जाणार नाही, अशी श्रोत्यांची समजूत असते. आज मात्र आम्ही विषय घेतला आहे तो बोधचिन्हांचा, म्हणजे बाजाराच्या भाषेत मार्क्यांचा. दुसऱ्याच्या कंपनीचा मार्का आपल्या वस्तूवर काढावा काय, काढल्यास तो गुन्हा होतो काय, आणि ज्याचा मार्का आहे त्याचा हक्क कुठे संपतो, हे आम्हांला सांगावयाचे आहे. विषय किरकोळ वाटेल. परंतु याच विषयापायी एखाद्या गरीब छपाईवाल्याचे यंत्र जप्त होते, आणि याच विषयाचे भय दाखवून कामगाराच्या हातातला फलकही खाली ठेवावयास लावता येतो. म्हणून तो आमचाही विषय आहे.

प्रथम आपल्या घरातले एक भांडे घेऊ. स्टीलचा डबा घ्या. त्याच्या बुडाशी कारखान्याचा शिक्का असतो आणि काठावर नाव घातलेले असते. आहेरात आला असेल तर देणाऱ्याचे, घरचा असेल तर घरधन्याचे. एका भांड्यावर या दोन खुणा. काठावरचे नाव सांगते की भांडे कोणाचे आहे. बुडाचा शिक्का सांगतो की ते कोणी केले आहे. डबा तुमचा झाला म्हणून बुडाचा शिक्का तुमचा होत नाही. आणि शिक्का कारखान्याचा आहे म्हणून डब्यात डाळ भरावी की तांदूळ, हे कारखान्याने सांगावयाचे नाही. आजच्या व्याख्यानाचे सार एवढेच. बाकीचा त्याचा विस्तार.

मार्का आला कशासाठी? तो मुख्यतः न वाचणाऱ्या माणसासाठी आला. विलायतेत १ जानेवारी १८७६ रोजी बास नावाच्या मद्य कंपनीचा लाल त्रिकोण हा पहिला व्यापारचिन्ह म्हणून नोंदला गेला. त्यावर अक्षर वाचण्याची गरज नव्हती. त्रिकोण दिसला की गिऱ्हाईक ओळखी. आपल्याकडे मँचेस्टरचे कापड येई त्याच्या गठ्ठ्यांवर देवादिकांची, हत्तीघोड्यांची रंगीत तिकिटे डकवलेली असत. खेड्यातला माणूस दुकानी जाऊन कंपनीचे इंग्रजी नाव सांगत नसे. तो चित्र सांगे. घोडा छाप, वाघ छाप हे शब्द आपल्या बोलीत त्यातूनच रुळले. पुढे या खुणांसाठी हिंदुस्थानात १८८९, १९४० आणि १९५८ साली कायदे झाले. आज लागू आहे तो १९९९ चा व्यापारचिन्ह कायदा. त्याचा अंमल सप्टेंबर २००३ पासून सुरू झाला.

मार्का म्हणजे वचन आहे. हे आपल्या जिल्ह्यात तरी फोड करून सांगावयास नको. जालन्याला १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी महिको ही बियाण्यांची कंपनी काढली, आणि पुढे हा जिल्हाच बियाण्यांसाठी देशभर ओळखला जाऊ लागला. मृगाच्या तोंडावर शेतकरी बियाण्याची पिशवी घेतो तेव्हा आतला दाणा उगवेल की नाही हे त्याला डोळ्यांनी कळत नाही. भाव, वाण, उगवणीचा टक्का हे सारे तो पिशवीवरच्या खुणेच्या भरवशावर मानतो. ती खूण कोणी खोटी छापली तर कंपनीचे नाव जाते हे खरे; परंतु कंपनी दुसरे वर्ष पाहील, शेतकऱ्याचे तेच वर्ष गेले. तेव्हा मार्का हे भांडवलदारांचे खूळ आहे असे कोणी म्हणेल तर आम्ही त्यास मान डोलावणार नाही. खोटा मार्का आधी गरिबाला बुडवतो, मग श्रीमंताला.

आता आपल्या वस्तूंकडे येऊ. एखादा तरुण आपल्या मोटारसायकलीच्या टाकीवर परदेशी बूट कंपनीची खूण काढतो. एखादी आई लेकराच्या दप्तरावर त्याच्या आवडत्या कार्टूनचे चित्र भरते. पोळ्याला आपण बैलाच्या अंगावर रंगाने काय काय काढतो! एखाद्याने ट्रॅक्टर कंपनीची खूण काढली असेल. हे सारे गुन्हेगार काय?

नव्हेत. कारण नीट समजून घ्यावे. एकाच बोधचिन्हावर दोन हक्क असू शकतात. ते चित्र आहे, म्हणून त्यावर प्रताधिकार, म्हणजे कॉपीराइट. आणि ते मालाची खूण आहे, म्हणून ते व्यापारचिन्ह. प्रताधिकाराचा कायदा १९५७ चा. त्याच्या ५२ व्या कलमात काही गोष्टींना मोकळीक दिली आहे. खाजगी किंवा वैयक्तिक उपयोगासाठी, अभ्यासासाठी, टीका वा परीक्षण करण्यासाठी आणि चालू घडामोडींचे वृत्त देण्यासाठी केलेला न्याय्य व्यवहार हा प्रताधिकाराचा भंग मानला जात नाही. आईने भरलेले दप्तर या पहिल्या सदरात येते. व्यापारचिन्हाच्या कायद्याचे २९ वे कलम तर मुळातच व्यापाराच्या ओघात केलेल्या वापराविषयी बोलते. बैल विकावयास नेला तरी गिऱ्हाईक तो ट्रॅक्टर कंपनीने तयार केला असे समजणार नाही!

इथे एक भेद ध्यानात ठेवावा. हल्ली शिकलेली मुले ‘फेअर यूज’ हा शब्द वापरतात. तो अमेरिकेचा. तिथल्या १९७६ च्या कायद्याने कोणत्याही वापराला चार कसोट्या लावून पाहण्याची मुभा न्यायाधीशाला दिली आहे: हेतू काय, मूळ कृती कोणत्या जातीची, घेतले किती, आणि मालकाच्या बाजारावर परिणाम काय. आपला न्याय्य व्यवहार हा इंग्रजी कायद्याच्या घराण्यातला. त्यात कोणत्या कारणांसाठी मोकळीक आहे ती कारणे नेमून दिली आहेत. आपले काम त्या कारणांत बसले पाहिजे, आणि बसल्यावरही ते न्याय्य असले पाहिजे. ‘इंटरनेटवर होते म्हणून घेतले’ हे कारण त्या यादीत नाही. ‘सगळेच करतात’ हेही नाही.

मुंबईचे उदाहरण घ्या. अपोलो बंदरावरचे ताजमहाल हॉटेल १९०३ साली उघडले. त्या इमारतीचे रूप २०१७ साली व्यापारचिन्ह म्हणून नोंदले गेले. आपल्या देशात इमारतीला असा मान प्रथमच मिळाला. म्हणून गेटवेपुढे उभे राहून छायाचित्र काढणाऱ्या कुटुंबाने घाबरावे काय? मुळीच नाही. ते चित्र घरी लावावे, नातलगांना पाठवावे. परंतु तोच घुमट शर्टाच्या गुंड्यांवर छापून कोणी दुकानात मांडला तर हॉटेलवाले विचारतील. चित्र तेच असले तरी घर आणि दुकान यांत कायद्याने उंबरठा घातला आहे.

त्या उंबरठ्यावर उभा असतो आपला छपाईवाला. आमची खरी काळजी त्याची आहे. आज तालुक्याच्या गावी टी-शर्टवर, कपावर, मोबाइलच्या मागच्या झाकणावर हवे ते छापून मिळते. गिऱ्हाईक येते, मोबाइलमधले चित्र दाखवते आणि म्हणते, हे छापा. गिऱ्हाईकाचा उपयोग वैयक्तिक. छपाईवाल्याचा मात्र तो धंदा आहे. तो पैसे घेतो. एक नग छापला, तर त्याच्या मागे कोणी लागेल असे सहसा होत नाही. पण त्याच खुणेचे पन्नास शर्ट छापून त्याने दोरीवर टांगले की गोष्ट पालटते. व्यापारचिन्ह खोटे लावणे आणि तसा माल विक्रीस ठेवणे यांस कायद्यात सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपासून दोन लाखांपर्यंत दंड आहे. प्रताधिकाराच्या ६३ व्या कलमातही शिक्षेचे माप हेच आहे. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ६३ व्या कलमाचा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र ठरवला. म्हणजे पोलीस वॉरंटावाचून धरू शकतात, आणि जामीन हा हक्क राहत नाही, न्यायालयाच्या मर्जीवर जातो. उलट, नकली शर्ट स्वतःपुरता विकत घेऊन अंगात घालणाऱ्याला हे दोन्ही कायदे शिक्षा सांगत नाहीत. मिरवणारा मोकळा आणि छापणारा आत, असा हा व्यवहार आहे. छपाईवाल्या मित्रांनी तो डोळे उघडे ठेवून करावा.

कोणी दिल्लीचा दाखला देईल. दिल्ली विद्यापीठाच्या आवारात झेरॉक्सचे एक छोटे दुकान होते. प्राध्यापकांनी नेमून दिलेल्या पुस्तकांतली प्रकरणे तो दुकानदार विद्यार्थ्यांना एकत्र बांधून देई. ऑक्सफर्ड, केंब्रिज अशा बलाढ्य प्रकाशकांनी त्याला न्यायालयात ओढले. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ साली शिक्षणासाठीची मोकळीक उचलून धरली, आणि २०१७ मध्ये प्रकाशकांनी दावा मागे घेतला. निकाल मोठा आहे, आणि लहान माणसाच्या बाजूचा आहे. परंतु त्याचा पाया शिक्षणाच्या पोटकलमात आहे. शर्ट छापणाऱ्याने त्यावर विसंबू नये.

त्याच वेळी वाजवीपेक्षा भिऊही नये. गॅरेजवाल्याने पाटीवर ‘अमुक कंपनीच्या गाड्या दुरुस्त करून मिळतील’ असे लिहिले तर ते खरे असेपर्यंत कायद्याच्या ३० व्या कलमाने त्यास मुभा आहे. त्या गाडीला बसणारा सुटा भाग विकणाऱ्यालाही गाडीचे नाव सांगावेच लागते. ‘आम्हीच कंपनीचे अधिकृत केंद्र’ असे मात्र भासवू नये. जुनी, खरी वस्तू पुन्हा विकताना तिच्यावरचा मार्का खरवडण्याची गरज नाही. आणि मोठ्या वकिलाच्या कागदावर धमकीची नोटीस आली म्हणून लागलीच पैसे मोजू नयेत. निराधार धमकी देणाऱ्याविरुद्ध दाद मागण्याची तरतूद व्यापारचिन्ह कायद्याच्या १४२ व्या कलमात आहे, प्रताधिकाराच्या ६० व्या कलमात आहे. व्यापारचिन्हाच्या गुन्ह्यात वॉरंटावाचून झडती घ्यावयाची तर अधिकारी उपअधीक्षकाच्या दर्जाखालचा चालत नाही, आणि त्याने आधी निबंधकाचे मत घ्यावे लागते. कायदा आम्ही वर्गात बसून शिकलो नाही. नोटिसा वाचता वाचता शिकलो. नोटीस पुरती वाचणे हे निम्मे उत्तर असते, एवढे त्यातून कळले.

काही खुणा मात्र अशा आहेत की तिथे ‘माझी गाडी, माझी हौस’ हे म्हणणे चालत नाही. अशोकस्तंभाचे सिंह आपल्या मोटारीवर किंवा पत्राच्या कागदावर छापून आपण सरकारचे कोणी आहोत असा भास निर्माण करणे २००५ च्या कायद्याने गुन्हा आहे. तसाच १९५० चा बोधचिन्हे व नावे यांचा कायदा. त्याच्या अनुसूचीत महात्मा गांधींचे आणि छत्रपती शिवाजी महाराजांचे नाव व चित्र आहे. केंद्र सरकारच्या परवानगीवाचून त्यांचा धंद्यासाठी उपयोग करता येत नाही. महाराजांचे चित्र मोटारसायकलीवर भक्तीने लावणे वेगळे आणि तंबाखूच्या पुडीवर छापणे वेगळे. हे समजावयास कायद्याचीही गरज पडू नये.

आता आमच्या घरच्या प्रश्नाकडे येतो. कामगार संपावर जातो. पत्रकाच्या माथ्यावर कंपनीचे बोधचिन्ह छापतो आणि खाली लिहितो, या मार्क्यामागे आमचा चार महिन्यांचा थकलेला पगार आहे. व्यवस्थापन म्हणते, मार्का आमचा, तो खाली उतरवा. उतरवावा काय?

या प्रश्नावर आपल्या न्यायालयाचा एक विचार करण्याजोगा निर्णय आहे. ओरिसाच्या किनाऱ्यावर धामरा येथे बंदर होत होते. टाटांचा त्यात भाग होता. तिथल्या कासवांना त्यापासून धोका आहे असे ग्रीनपीस या संस्थेचे म्हणणे. तिने संगणकावरचा एक खेळ काढला. त्यात कासव आणि टाटांचे बोधचिन्ह यांचा सामना होता. टाटांनी दावा लावला, दहा कोटींची भरपाई मागितली आणि खेळ तातडीने बंद करण्याचा हुकूम मागितला. जानेवारी २०११ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती रवींद्र भट यांनी तो अंतरिम हुकूम देण्यास नकार दिला. टीकेसाठी, उपहासासाठी, लोकांचे लक्ष वेधण्यासाठी केलेला मार्क्याचा वापर आणि माल खपवण्यासाठी केलेला वापर यांत त्यांनी भेद केला. अंतिम निकाल नव्हे, अंतरिम आदेश होता, हे आम्ही मुद्दाम सांगतो. परंतु त्यातली दृष्टी मोलाची आहे.

दक्षिण आफ्रिकेतला खटला तर सदऱ्यांवरचाच आहे. तिथल्या एका लहान कंपनीने एका बिअरच्या प्रसिद्ध लेबलाची नक्कल करून टी-शर्ट काढले. लेबलाची अक्षरे बदलून काळ्यांचे श्रम आणि गोऱ्यांचे पाप असा टोला त्यात हाणला होता. मद्य कंपनी दोन न्यायालयांत जिंकली. पण मे २००५ मध्ये तिथल्या घटना न्यायालयाने ते निकाल फिरवले. आपल्या विक्रीला धक्का लागण्याचा संभव कंपनीने सिद्ध केला नाही, आणि मार्क्याच्या हक्काने बोलण्याचे स्वातंत्र्य दाबता येत नाही, असे त्या न्यायालयाने ठरवले. हे सदरे विकले जात होते, तरीही. अर्थात तो निकाल त्या देशाचा; आपल्या न्यायालयावर तो बंधनकारक नाही.

तेव्हा आमचे सांगणे असे. कामगाराने मालकाचा मार्का फलकावर जरूर दाखवावा, कारण तो माल विकत नाही, गाऱ्हाणे सांगतो. मात्र तीन पथ्ये पाळावीत. पत्रक कंपनीनेच काढले असे कोणाला वाटू नये. खाली संघटनेचे नाव ठळक असावे. लिहिलेले प्रत्येक वाक्य कागदपत्रांनी शाबीत करता यावे, कारण बदनामीचा कायदा वेगळा आहे आणि तो मार्क्याकडे पाहत नाही. आणि मार्का हवा तितकाच घ्यावा. फलकावरचे सत्य मार्क्याने नव्हे, हजेरीपत्रकाने ठरते.

येथवर दुसऱ्याच्या मार्क्याची गोष्ट झाली. आता आपल्या स्वतःच्या मार्क्याची. जून २०२५ मध्ये इटलीतल्या मिलान शहरी प्राडा या कंपनीने कोल्हापुरी चपलेच्या घाटाच्या चपला मांडल्या, आणि आरंभी कोल्हापूरचे नावही घेतले नाही. गवगवा झाल्यावर प्रेरणा भारतीय आहे हे कंपनीने मान्य केले. कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन आहे; महाराष्ट्राचे संत रोहिदास चर्मोद्योग महामंडळ आणि कर्नाटकाचे बाबू जगजीवनराम चर्मोद्योग महामंडळ हे त्याचे नोंदणीकृत मालक. मुंबई उच्च न्यायालयात जनहितयाचिका दाखल झाली. जुलैत न्यायालयाने ती फेटाळली. ज्यांच्या नावे नोंद आहे त्यांनी दाद मागावी असे सांगितले. पुढे डिसेंबरात त्याच दोन महामंडळांशी कंपनीने करार केला. यातून कष्टकऱ्याने काय घ्यावे? राग कितीही खरा असो, दारात उभे राहावयास नोंद लागते.

आपल्या जालन्याच्या मोसंबीलाही असेच मानांकन आहे. पण ते नाव बागाईतदाराच्या कामी यावयाचे तर त्याने अधिकृत वापरकर्ता म्हणून आपले नाव नोंदवले पाहिजे. एरवी ‘जालना मोसंबी’ ही चिठ्ठी पेटीवर दुसराच कोणी चिकटवील आणि आपण पाहत बसू. तसेच व्यापारचिन्हाच्या कायद्यात सामूहिक चिन्हाची सोय आहे. एखादी संघटना ते आपल्या नावे नोंदवून सभासदांना वापरावयास देऊ शकते. बायकांचे बचत गट पापड, शेवया, मसाले करतात, आणि प्रत्येक गट मोठ्या कंपनीच्या वेष्टनासारखे वेष्टन शोधतो. त्यापेक्षा दहा गटांनी संघ करून एक चिन्ह घ्यावे. दुसऱ्याच्या सावलीत उभे राहणाऱ्याला स्वतःची सावली पडत नाही.

चळवळीतही मार्क्याचा इतिहास आहे, आणि तो सगळाच उजळ नाही. अमेरिकेतल्या विड्या वळणाऱ्या, म्हणजे सिगार करणाऱ्या कामगारांच्या संघटनेने १८७० नंतरच्या दशकात पेटीवर संघटनेचे लेबल लावण्याची प्रथा पाडली. हा माल संघटित कामगाराने वाजवी मजुरीवर केला आहे, ही त्या लेबलाची भाषा होऊन बसली. परंतु सॅन फ्रान्सिस्कोत ते लेबल प्रथम निघाले ते चिनी मजुरांना वगळण्यासाठी, गोऱ्यांनी केलेला माल ओळखू यावा म्हणून. मार्का वचन असतो हे आम्ही वर म्हटले. वचन कोणाला दिले आणि कोणाला वगळून दिले, हेही विचारावे लागते.

सारांश थोडक्यात सांगून आपली रजा घेतो. आपल्या वस्तूवर हौसेने खूण काढा; कायदा त्यासाठी तुमच्या दारी येत नाही. ती खूण विकू नका, आणि तिच्या जोरावर कोणाला फसवू नका. तिथे गाठ कायद्याशी आहे. मार्क्याच्या मालकाला जाब विचारावयाचा असेल तर मार्का उंच धरून, खरे बोलून विचारा. आणि आपल्या हातांनी जो माल होतो त्यावर आपली स्वतःची खूण असू द्या, ती नोंदलेली असू द्या. कारखान्याच्या बुडाच्या शिक्क्यात त्या भांड्याला ठोके घालणाऱ्याचे नाव कधीच नसते. ते कुठे तरी असावे, एवढ्यासाठीच आमची सारी खटपट आहे.